‘खर्जूर’ म्हणजे खजूर की खारीक?

आयुर्वेदाच्या ग्रंथांतील ‘खर्जूर’ म्हणजे खजूर समजावा की खारीक, आणि खजूर उष्ण असतो या समजुतीला त्या ग्रंथांत आधार आहे का, अशी पृच्छा आहे.

चरकसंहितेत हा शब्द बहुधा कोणत्याही विशेषणाविना येतो. सूत्रस्थानात, म्हणजे तिच्या पहिल्या विभागात, दहा-दहा द्रव्यांचे जे गट दिले आहेत, त्यांपैकी ‘श्रमहर’ म्हणजे थकवा घालवणाऱ्या गटात खर्जूर हे द्राक्षे, बोर, डाळिंब आणि ऊस यांच्या पंक्तीला आहे. फळांच्या वर्णनात त्याला मधुर, बृंहण (शरीर पुष्ट करणारे), गुरू (पचायला जड) आणि शीतल म्हटले असून क्षय, अभिघात (मार लागणे) आणि दाह यांत ते हितकर मानले आहे. मद्यपानाने होणाऱ्या विकारांवर खर्जूर, मनुका, चिंच, डाळिंब, आवळा इत्यादींचा मंथ, म्हणजे घुसळून केलेले पेय, सांगितले आहे. अशा ठिकाणी सरळ ‘खजूर’ असे भाषांतर करावे, असे माझे मत आहे.

खजूर आणि खारीक यांतील भेद स्पष्टपणे दिसतो तो सोळाव्या शतकातील भावप्रकाश या ग्रंथात. त्याचा कर्ता भावमिश्र भूमिखर्जूरिका, पिंडखर्जूरिका आणि छोहारा असे तीन प्रकार सांगतो, त्यांतील छोहारा परद्वीपातून आलेली आणि गाईच्या आचळाच्या आकाराची असल्याचे नोंदवतो. पिंडखर्जूरिकेचा ‘पिंडखजूर’ झाला, तर छोहारा म्हणजे हिंदीतील छुहारा, आपली खारीक. खजूर वाळला की त्याची खारीक होते, ही समजूत मात्र अपुरी आहे, कारण पूर्ण पिकून मऊ होण्याआधीची कडक फळे उकळून उन्हात वाळवली म्हणजे खारीक तयार होते. गुणांच्या बाबतीत भावमिश्राने तिन्ही प्रकार एकत्रच घेतले आहेत आणि तिन्हींना शीत म्हटले आहे.

तेव्हा खजुराच्या उष्णतेला निदान या दोन ग्रंथांचा आधार देता येत नाही. युनानी वैद्यकात मात्र खुर्मा, म्हणजे खजूर, गरम मिजाजाचा मानतात आणि प्रचलित समजूत त्याच्याशी अधिक जुळते. ‘आयुर्वेदानुसार खजूर उष्ण’ असे लिहिणाऱ्याने म्हणूनच ग्रंथाचे नाव द्यायला हवे.

आणखी एक सावधगिरी बाळगावी: अमरकोश या संस्कृत पर्यायशब्दांच्या कोशात ‘खर्जूर’ हा रुप्याचाही पर्याय दिलेला आहे, त्यामुळे धातूंच्या यादीत हा शब्द आढळल्यास तेथे फळ शोधू नये.