टेक्सासचा 'एसबी 17' : नेमकं काय बंद झालं?

ताई, लेकीला टेक्सासमधल्या ऑस्टिनला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला, तिचं मनापासून अभिनंदन. "तिकडे डायव्हर्सिटी बंद केली म्हणजे आरक्षण गेलं, मग आपल्या मुलांना फायदाच ना?" असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न 'एसबी 17' म्हणजे सिनेट बिल 17 या टेक्सास राज्याच्या कायद्याबद्दल आहे; त्याने सरकारी कॉलेजांतली 'डायव्हर्सिटी'ची, म्हणजे वेगवेगळ्या समाजांतल्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी काम करणारी, ऑफिसं बंद केली. मी बरीच वर्षं टेक्सासमधल्याच एका सरकारी विद्यापीठात नोकरी करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्यासारखं आरक्षण इथे नाहीच. जागा राखून ठेवणं 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यातच बाद झालं. प्रवेश देताना वंशाचाही विचार करायची जी मुभा उरली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये जवळपास काढून घेतली. एसबी 17 वर गव्हर्नर ॲबट यांची सही त्याच महिन्यातली, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात.

हा कायदा 1 जानेवारी 2024 पासून लागू आहे, तोही फक्त सरकारी कॉलेजांना. ह्यूस्टनचं राइस खासगी, त्याला लागू नाही. यात गेली ती डायव्हर्सिटीची ऑफिसं आणि तिथल्या माणसांची पदं. शिवाय डायव्हर्सिटीची सक्तीची प्रशिक्षणं गेली आणि नोकरीच्या अर्जासोबत मागायचं 'डायव्हर्सिटी स्टेटमेंट', म्हणजे डायव्हर्सिटीसाठी आपण काय केलं ते सांगणारं निवेदन, गेलं. ते स्टेटमेंट गेलं याचं मला वाईट वाटत नाही. उमेदवार ते पाठ केल्यासारखं लिहायचे.

वर्गातलं शिकवणं, संशोधन आणि विद्यार्थ्यांच्या संघटना यांना कायद्यात सूट आहे. पण नियम मोडल्याचं ठरलं तर पुढच्या बजेटमध्ये सरकारकडून वाढीव निधी मिळत नाही, आणि या धास्तीने विद्यापीठं चार पावलं पुढेच गेली. ऑस्टिनच्या यूटीने (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास) मल्टिकल्चरल एंगेजमेंट सेंटर बंद केलं, अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना मदत करणारा 'मोनार्क' कार्यक्रमही. तिथल्या काही कर्मचाऱ्यांना आधी दुसरी कामं दिली होती, पण एप्रिल 2024 मध्ये यूटीने त्यांचा अख्खा विभागच गुंडाळला आणि साठेक जणांच्या नोकऱ्या गेल्या.

आमच्या इमारतीतही अशा ऑफिसची एक खोली होती. जानेवारीत सुट्टीवरून आलो तर दारावरची पाटी काढलेली, स्क्रूची चार भोकं तेवढी राहिलेली. त्याच आठवड्यात मेक्सिकोच्या सीमेजवळच्या गावातली एक मुलगी त्या दारापुढे उभी दिसली. घरात कॉलेजला आलेली ती पहिलीच. फायनान्शियल एडचं (शिक्षणासाठीच्या आर्थिक मदतीचं) पत्र उलटसुलट करत मला विचारत होती, "इथल्या मॅडम कुठे गेल्या?" मी तिला खाली एडच्या खिडकीवर घेऊन गेलो. तिथे फॉर्म मिळाला. पण पत्रातली प्रत्येक ओळ शेजारी बसून समजावणारं कुणी नव्हतं. अशी मुलं विचारायलाच बिचकतात हो. त्या मॅडम गेल्याने तिचं नुकसान झालं, आणि त्यातून आपल्या कुणाच्या मुलाला काही मिळालं असं मला दिसलेलं नाही.

तुमच्या लेकीचं म्हणाल तर व्हिसाचं काम बघणारं इंटरनॅशनल ऑफिस चालू आहे. अपंग विद्यार्थ्यांच्या सोयी केंद्रीय कायद्याने मिळतात, त्यांना धक्का नाही. असिस्टंटशिप (शिकताना विद्यापीठातच मिळणारं पगारी काम) तिच्या डिपार्टमेंटच्या हातात असते. दिवाळी आपली मुलं संघटनेतर्फे करतातच.

तिचा विषय कोणता ते लिहिलं नाहीत. इंजिनीअरिंग असेल तर अभ्यासात फरक जाणवणार नाही. समाजशास्त्र किंवा स्त्री-अभ्यास असेल, तर शिकवण्याला सूट असली तरी विद्यापीठांच्या त्या धास्तीमुळे प्रवेश पक्का करण्याआधी तिने गाइड होणाऱ्या प्राध्यापकांना एक मेल टाकावा आणि पुढच्या वर्षी कोणते कोर्स नक्की चालणार आहेत ते सरळ विचारावं. मेल काय लिहायचा यात अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघून देईन.