जुनी टर्बो ऑक्टाव्हिया कॉम्बी बेळगावात सांभाळता येईल का?

कोल्हापूर पासिंगची १.८ टर्बो पेट्रोल स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी (म्हणजे मागे मोठी डिकी असलेली स्टेशन वॅगन) मिळतेय, घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या, पण पहिल्या वर्षाच्या कामासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवूनच.

आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा. बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. त्याच कामात टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंपही बदलून घ्या. जुन्या पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा तडकतो, आणि मग चोर्ला घाटात इंजिन तापायला लागतं. ऑइल पूर्ण सिंथेटिक, दर ७-८ हजार किलोमीटरला. लांबवलंत तर आत गाळ साचतो आणि टर्बोला (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या भागाला) तेल पोचत नाही. घाट चढून आल्यावर टर्बो थंड व्हायला मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, मग बंद करा.

पेट्रोलचे रबरी पाइपही तपासा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ही गाडी त्यासाठी बनवलेली नाही.

सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे) प्रेस करायला किंवा एखादा ब्रॅकेट बनवायला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चांगले हात आहेत. सेन्सर, इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारा भाग) मात्र बाहेरून मागवावे लागतील, म्हणून एक कॉइल कायम डिकीत ठेवा.

नंबर एमएच ०९ (कोल्हापूर) वरून केए २२ (बेळगाव) करायला कोल्हापूर आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि कर्नाटकचा रोड टॅक्स लागेल. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण झालेलं नसेल, तर ते विकणाऱ्याकडून करून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.