ऑक्सिजन सेन्सर नवीन टाकला तरी दोन दिवसात चेक इंजिनचा लाइट परत लागला, कोड तोच पी०१३५. आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१४ ची पेट्रोल, गॅरेजवाल्याने कोड बघून लगेच पुढचा, म्हणजे धुराच्या पाइपवरचा इंजिनजवळचा सेन्सर बदलला, पैसे गेले आणि लाइट परत हजर. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, अशा गाड्या माझ्याकडे सारख्या येतात, म्हणून सांगतो, आधी तिसरा सेन्सर घेऊ नका.

पी०१३५ म्हणजे सेन्सर खराब असं कुठेही लिहिलेलं नाही, त्याचा अर्थ पुढच्या सेन्सरच्या हिटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढाच. सेन्सर साधारण तीनशे डिग्रीच्या वर तापल्याशिवाय नीट रीडिंग देत नाही म्हणून आत हिटर असतो, त्याला एका वायरने फ्यूज आणि रिलेतून बारा व्होल्ट येतात आणि दुसरी वायर ईसीयूकडे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे जाते, ईसीयू तिला अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह) देऊन हिटर चालू-बंद करतो. म्हणजे फ्यूज, रिले, वायर, कनेक्टरची पिन, हिटर, ईसीयू, यातलं काहीही गेलं तरी कोड हाच. आणि बऱ्याच गाड्यांत लागोपाठ दोन ड्राइव्हमध्ये, म्हणजे गाडी चालू करून चालवण्याच्या दोन फेऱ्यांत, फॉल्ट दिसला तरच लाइट लागतो, त्यामुळे बदलल्यावर दोन दिवस बरं वाटलं यात नवल काही नाही, तेव्हाही फॉल्ट तिथेच होता.

पहिलं फ्यूज बघा. स्कॅनरवर पी०१४१ पण दिसतोय का? तो मागच्या सेन्सरच्या हिटरचा कोड, आणि दोन्ही एकदम आले तर दोन्ही हिटर एकदम जळालेत असं समजू नका, बहुतेक वेळा दोघांचा फ्यूज एकच असतो.

फ्यूज ठीक असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढा, इंजिन थंड असताना, नाहीतर हात भाजेल. सेन्सरच्या बाजूने हिटरच्या दोन पिनांमध्ये ओम मोजा, चार वायरच्या सेन्सरला थंड असताना काही ओम ते पंधरा-वीसच्या आत काहीतरी येतं, ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं दाखवलं तर हिटर गेला, नवा असला तरी गेला.

आता मुख्य गोष्ट, आणि इथेच बरेच जण फसतात. गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर इग्निशन ऑन करून मीटर लावला, बारा व्होल्ट आले, म्हणून वायर ओके म्हणायचं नाही. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, एक टोक त्या सप्लायच्या पिनला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, बल्ब फक्कन पेटला पाहिजे. (काही गाड्यांत हा सप्लाय इंजिन चालू झाल्यावरच येतो, हे लक्षात असू द्या.) बल्ब ईसीयूकडे जाणाऱ्या वायरला मात्र लावू नका. पावसाळ्यात एक गाडी आली होती, मीटरवर बारा पॉइंट तीन आणि बल्ब अगरबत्तीच्या टोकासारखा नुसता लाल. हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची टेप सोलत गेलो तर उंदराने इन्सुलेशन कुरतडलेलं, पाणी जाऊन तांबं हिरवं पडून भुगा झालेला, वरून काहीच दिसत नव्हतं. तेवढा तुकडा बदलला, काम झालं, सेन्सर जुनाच ठेवला.

सप्लाय खणखणीत असेल तर कनेक्टर परत जोडा, कोड क्लिअर करा, थंड इंजिन स्टार्ट करा आणि ईसीयूच्या वायरवर मागून पिन घालून व्होल्टेज बघा. खालीवर हलत असेल तर ईसीयू काम करतोय. बाराला चिकटून बसलं तर ईसीयूपर्यंतची वायर तुटलीय किंवा ईसीयू अर्थ देत नाही, आधी वायर तपासा, ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी.

अजून एक, तुमच्या मेकॅनिकने युनिव्हर्सल सेन्सर (गाडीचा कनेक्टर नसलेला, कुठल्याही गाडीला जोडायचा) आणून वायरी कापून जोडल्यात का ते बघाच. बॉशच्या पद्धतीत दोन पांढऱ्या हिटरच्या, काळी सिग्नल, ग्रे त्या सिग्नलचं अर्थिंग. डेन्सोच्या पद्धतीत दोन काळ्या हिटरच्या, निळी सिग्नल आणि पांढरी अर्थिंग. म्हणजे काळ्याला काळी, पांढरीला पांढरी असं रंग बघून जोडणाऱ्याने सगळा घोळ घातलेला असतो. जोड सोल्डर केला असेल तेही बरोबर नाही, बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरीच्या तारांमधूनच मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते, क्रिम्पच करायचं, म्हणजे धातूची नळी दाबून जोडायचं. त्याच कारणाने कनेक्टरमध्ये तेलकट स्प्रे मारू नका.

हे सगळं चार वायरवाल्या सेन्सरचं आहे, पाच-सहा वायरी दिसल्या तर तो एअर फ्युएल सेन्सर, त्याच्या सिग्नलचं गणित वेगळं. बल्ब कसा पेटला आणि हिटरचे ओम किती आले ते कमेंटमध्ये टाका, म्हणजे पुढचं सांगता येईल.