डिसेंबरात हवाई: आभाळ बघून समुद्र ठरवू नका

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आधी ओआहू आणि मग कवाई अशा दोन बेटांचा बेत आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि दोन मुलं. मुलं तरणतलावात शिकलेली, बाबा गावच्या विहिरीत शिकलेले आणि अजूनही पट्टीचे पोहणारे. ‘लाटा फार मोठ्या असतात असं ऐकलं, मग समुद्रात जायचंच नाही का?’ हा तुमचा प्रश्न.

जायचं की! फक्त कुठल्या बाजूच्या किनाऱ्यावर आणि कुठल्या दिवशी, हे नीट ठरवायचं. मी बरीच वर्षं ओआहूवर राहते आणि हिवाळ्यात पाहुण्यांचा राबता असतो, त्यामुळे हे सगळं तोंडपाठ झालंय. जरा सविस्तर लिहिते.

आपली समुद्राची समज कोकणातली असते. जून लागला, वारा सुटला, पाणी गढूळ झालं की दर्या खवळला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की हळूहळू निवळला. म्हणजे हवा वाईट तर समुद्र वाईट, हवा छान तर समुद्र छान. हवाईच्या हिवाळ्यात हे गणित साफ चुकतं. निळंभोर आभाळ, वाऱ्याची झुळूक, नारळाच्या झावळ्या डुलतायत आणि समोर दुमजली घराएवढी लाट फुटतेय, असं दृश्य इथे जानेवारीत नेहमीचं. कारण ती लाट इथल्या वाऱ्याने उठवलेलीच नसते. अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांकडे किंवा जपानच्या पूर्वेला एखादं मोठं वादळ होतं, त्यातल्या लाटा दोन-चार दिवस प्रवास करून इथे पोचतात. वादळ तिकडे विरूनही गेलेलं असतं. तुम्ही सकाळी गॅलरीतून बघता तेव्हा हवेत त्याचा मागमूस नसतो.

शिवाय कोकणासमोर समुद्राचा तळ लांबवर उथळ आहे. मुंबईसमोर तर दोन-तीनशे किलोमीटर. एवढ्या उथळ पाण्यावरून येताना लाटेचा बराच जोर तळाशी घासून जिरतो. हवाईची बेटं म्हणजे खोल महासागरातून सरळ वर आलेले ज्वालामुखीचे डोंगर. लाट खोल पाण्यातून येते आणि जवळजवळ सगळी ताकद शेवटच्या काही शे मीटरात ओतते. म्हणून ‘गुहागरला यापेक्षा मोठ्या लाटांत डुंबलोय’ हा हिशोब इथे धरू नये. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, कारण विहिरीत पोहणाऱ्या माणसाचा आत्मविश्वास दांडगा असतो आणि विहिरीचं पाणी कधी कुणाला ओढून नेत नाही.

भरती-ओहोटीचं मात्र उलट आहे. मुंबईला उधाणाच्या वेळी पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. होनोलुलूला मीटरभरसुद्धा नाही. तेव्हा भरतीच्या वेळा पाठ करण्यात वेळ घालवू नका.

बघायचं ते अमेरिकेच्या हवामान खात्याच्या होनोलुलू कार्यालयाचं लाटांचं भाकीत. रोज येतं, फुकट असतं आणि त्यात उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व अशा चारही बाजूंच्या लाटांची उंची वेगवेगळी दिलेली असते. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर लाट १५ फुटांवर जाणार असेल तर ‘हाय सर्फ ॲडव्हायझरी’ लागते, २५ फुटांवर ‘वॉर्निंग’. ही उंची लाटेच्या समोरच्या बाजूने मोजलेली असते. इथले जुने सर्फर मात्र मागच्या बाजूने मोजतात, त्यांचा आकडा साधारण निम्मा येतो. म्हणून दुकानातला पोरगा ‘आज सहा-आठ फूट’ म्हणाला तर मनातल्या मनात दुप्पट करा.

उंचीशेजारी सेकंदांचा आकडा असतो, पिरियड. म्हणजे दोन लाटांमधला वेळ. बहुतेक लोक तो वाचतच नाहीत, आणि माझ्या मते तोच जास्त बोलका आहे. सहा फूट आणि आठ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याची खळबळ. सहा फूट आणि अठरा सेकंद म्हणजे लांबच्या वादळातली लाट. ती किनाऱ्याशी येता येता उभी राहते आणि पाणी वाळूवर खूप वरपर्यंत चढतं. अशा लाटा थव्याने येतात. चार-सहा मोठ्या लाटांचा एक थवा, मग दहा मिनिटं, कधी वीस मिनिटं अगदी शांतता. पर्यटक नेमके या शांततेत येऊन पोचतात, पाच मिनिटं बघतात आणि म्हणतात, ‘काही नाही हो, तळं आहे नुसतं.’ म्हणून नवीन किनाऱ्यावर गेलात की पाण्याला पाय लावायच्या आधी वीसेक मिनिटं नुसतं बसा. मुलं कुरकुर करतील. खायला द्या काहीतरी.

आता बाजू. हिवाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, उत्तर आणि वायव्येकडचे किनारे खवळलेले आणि दक्षिणेकडचे बहुधा शांत. उन्हाळ्यात दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा दक्षिणेला येतात आणि उत्तर किनारा तळ्यासारखा पडून असतो. इंटरनेटवर जे निळेशार फोटो दिसतात ते पुष्कळदा जुलैतले असतात, आणि तीच जागा डिसेंबरात ओळखू येत नाही. कवाईचा लुमाहाई बीच हे त्याचं ठळक उदाहरण. फोटोत स्वर्ग, पण तिथे लाइफगार्ड नाही, लाट अडवायला बाहेर प्रवाळाची भिंत नाही आणि वाळूचा उतार एकदम तीव्र. तुमच्या यादीतून तो काढून टाका. कवाईचाच हानाकापियाई बीचही पोहण्यासाठी बाद. डोंगरवाटेने चालत जायचं असेल तर अवश्य जा, आधी आरक्षण करावं लागतं, पण तिथे पोचल्यावर घामाघूम झालो म्हणून पाण्यात उतरायचं नाही. हिवाळ्यात तिथली वाळूसुद्धा वाहून गेलेली असते.

वाळूचा उतार म्हटलं त्यावर थोडं थांबते, कारण मोठ्या माणसांना खरा धोका तिथे आहे. खोल पाण्यात कुणीच जात नाही, सगळे ‘फक्त पाय भिजवतो’ म्हणतात. ज्या किनाऱ्यावर वाळू एकदम उतरते तिथे लाट लांबवर न फुटता थेट काठावर आपटते. याला इथे शोअरब्रेक म्हणतात. ओआहूवर सँडी बीच, वायमिया बे, माउई बेटावर मकेना. लाट कमरेएवढीच असते, पण ती माणसाला उचलून घोटाभर पाण्याखालच्या कडक वाळूवर डोक्यावर टाकते. मान आणि पाठीच्या कण्याच्या दुखापतींसाठी सँडी बीच कुप्रसिद्ध आहे. यात पोहता येण्या-न येण्याचा काही संबंध नाही. तरुण, तगडे लोक जखमी होतात.

शोअरब्रेकमध्ये सापडण्याचा प्रकार ठरलेला असतो. माणूस गुडघाभर पाण्यात समुद्राकडे पाठ करून फोटोसाठी उभा राहतो. मागे जाणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, तोल जातो, आणि त्याच क्षणी पुढची लाट येते. उठायला जावं तर तिसरी. सत्तरीतल्या गुडघ्यांना यातून उठता येत नाही. तेव्हा आई-बाबांच्या बाबतीत माझा सरळ सल्ला असा: काठाची वाळू उतरती दिसली की ओल्या वाळूच्या वरच थांबायचं. पाय भिजवायला सपाट, संथ किनारे भरपूर आहेत, नावं खाली देते. मुलांना एक शिकवा: मोठी लाट अंगावर येतेय आणि पळायला वेळ नाही, तर पाठ फिरवून पळू नये, तिच्याकडे तोंड करून श्वास घेऊन तिच्या खालून जावं. आणि डोकं पुढे करून सूर कधीही मारू नये.

दुसरी जागा म्हणजे खडक. कवाईला प्रिन्सव्हिलजवळ क्वीन्स बाथ नावाचं लाव्ह्याच्या कातळातलं नैसर्गिक कुंड आहे. तिथे आजवर अनेक माणसांचा जीव गेला आहे, आणि त्यातले कित्येक पोहायला उतरलेच नव्हते, कडेला उभे राहून बघत होते. हिवाळ्यात तिथलं फाटक बंद ठेवतात. लोक कुंपण ओलांडून जातात आणि व्हिडिओ टाकतात. ते बघून मुलं हट्ट करतील तर ऐकू नका. ओआहूवरच्या हलोना ब्लोहोलचंही तसंच, तिथे कातळातल्या भोकातून लाटेचं पाणी कारंज्यासारखं उडतं. वरच्या कठड्यापाशी उभं राहून बघा, सुंदर आहे, खाली उतरू नका. खडकावर एक साधी खूण लक्षात ठेवायची: कातळ ओला आहे, म्हणजे लाट तिथवर येऊन गेली आहे. पाऊस पडलेला नसताना पायाखाली ओलं दिसलं की उभं राहायची जागा ती नव्हे. कुणी पडलंच तर त्याच जागी परत चढायची धडपड करू नये, लाटा कातळावर आपटवतात. त्यापेक्षा खडकापासून दूर, फेसाच्या बाहेर पोहत जाऊन तरंगत मदतीची वाट पाहणं बरं.

ओढीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबांसाठी लिहिते. लाटांनी काठाशी आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणार. ते प्रवाळातल्या फटीतून किंवा वाळूच्या दोन उंचवट्यांमधून पट्ट्याने बाहेर जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि गुळगुळीत दिसतं, म्हणून नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते. ओढ माणसाला खाली बुडवत नाही, बाहेर नेते. तिचा वेग साधारणपणे सेकंदाला फूट-दोन फूट असतो, पण आठ फुटांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकमधला जलतरणपटूही टिकत नाही. काठाकडे तोंड करून झुंजत राहिलेला माणूस दमतो आणि बुडतो. उताणं तरंगायचं, हात वर करायचा, ओढ सैल पडल्यावर किनाऱ्याला समांतर सरकायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने आत यायचं. बाबा ‘मला नको सांगू’ म्हणतील. तरी सांगा.

आणि कुणी वाहत जाताना दिसलं तर मागोमाग उडी मारायची नाही. वाचवायला गेलेला नातेवाईकच बुडाल्याच्या घटना सगळीकडे होतात. लाइफगार्डला हाक मारा, ९११ लावा आणि तरंगणारं काहीही फेका: बूगी बोर्ड, बर्फपेटीचं झाकण. कवाईच्या बऱ्याच किनाऱ्यांवर खांबांना रेस्क्यू ट्यूब टांगलेल्या असतात. गाडीतून उतरल्यावर खांब कुठे आहे ते पाहून ठेवा.

आता तुमच्या बेतासाठी जागा. ओआहूवर मुलांसाठी अला मोआना बीच पार्क: बाहेर प्रवाळ असल्याने पाणी संथ, लाइफगार्ड आहेत. कोओलिनाची चार कृत्रिम सरोवरं आई-बाबांसाठी उत्तम, पाण्यात पाय सोडून बसता येतं, फक्त तिथे लाइफगार्ड नसतात, म्हणून समुद्राकडच्या तोंडांपाशी मुलांना जाऊ देऊ नका. मासे बघायला हानाउमा बे, आधी आरक्षण करावं लागतं, सोमवार-मंगळवार बंद. कवाईला दक्षिणेचा पोईपू आणि पूर्वेचा लिडगेट. लिडगेटला दगडी बांध घालून दोन कुंडं केली आहेत, लहान कुंडात अगदी आजीसुद्धा उतरेल. तिन्हीत्रिकाळ कुठेही जाताना नियम एकच, पोहायला उतरायचं ते लाइफगार्डचा मनोरा असेल तिथेच. गेल्या गेल्या त्याला विचारा, ‘आज मुलांना कुठे उतरवू?’ ही माणसं आनंदाने सांगतात, आणि त्यांना आपल्यापेक्षा त्या दिवसाचं पाणी ठाऊक असतं.

नॉर्थ शोअर, म्हणजे ओआहूचा उत्तर किनाराही चुकवू नका. वायमियाला १९६८ पासून एडी आयकाऊ लाइफगार्ड होता. १९७८ मध्ये होकुलेआ ही पारंपरिक नौका समुद्रात उलटली तेव्हा तो सर्फबोर्ड घेऊन मदत आणायला निघाला आणि परत आला नाही. त्याच्या नावाची सर्फिंग स्पर्धा लाटा सुमारे ४० फुटांवर गेल्या तरच होते, म्हणून कित्येक वर्षं होतच नाही. २०२३ च्या जानेवारीत झाली तेव्हा लाटेचं पाणी वाळूवर बसलेल्या प्रेक्षकांपर्यंत चढलं होतं. म्हणजे बघायला बसतानाही वर, झाडांच्या रांगेपाशी बसा. मी पाहुण्यांना तिथे नेते तेव्हा टॉवेल आणि पोहायचे कपडे घरी ठेवायला लावते, म्हणजे मोहच नको.

लाइफ जॅकेट भारतातून वाहून आणू नका. इथे मिळतात, भाड्यानेही मिळतात, मापाचं आणि शिक्कामोर्तब असलेलं घ्या. फुगवायची बदकं आणि ट्यूब मात्र हॉटेलच्या तलावातच ठेवा, जमिनीवरून वारा आला की ती मुलासकट बाहेर जातात.

एक सुटं राहिलं: वायकीकी आणि अला मोआनाच्या बाजूला पौर्णिमेनंतर साधारण आठ ते दहा दिवसांनी बॉक्स जेलीफिश काठाशी येतात आणि चांगलाच डंख मारतात. तिकिटं काढलीच असतील, तरी कालनिर्णय उघडून तेवढे दोन-तीन दिवस खुणा करून ठेवा, आणि हानाउमाचंही त्या दिवसांत धरू नका.