सेंटरवर पास, व्ही ब्लॉकवर फेल?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचं टर्निंगचं वर्कशॉप आहे. शाफ्टचा रनआउट (फिरवताना पृष्ठभाग किती डगमगतो ते) ०.०३ मिमी मागितलाय, डेटम (ज्याला धरून माप घ्यायचं तो संदर्भ) म्हणजे दोन्ही बेअरिंग जर्नल (शाफ्टचे बेअरिंगमध्ये बसणारे भाग). आम्ही सेंटरमध्ये (टोकांच्या सेंटर होलमध्ये टोकदार आधार देऊन) धरून बघतो तर ०.०२ येतो, कस्टमर व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर जर्नल टेकवून) ०.०५ दाखवून माल परत करतो. बरोबर कोण?

उत्तर: दादा, यात कस्टमरचंच म्हणणं धरा, कारण डेटम जर्नलचा आहे, सेंटर होलचा नाही, आणि जर्नल सेंटरपासून नुसता ०.०१ सरकला तरी डायलवर ०.०२ फरक पडतो कारण एका फेरीत सुई दोन्ही बाजूंना जाऊन दुप्पट दाखवते. म्हणून जर्नलवरच टेकवून चेक करा. पण व्ही ब्लॉकही डोळे झाकून मानू नका हं, जर्नल सेंटरलेस ग्राइंडिंगचा (सेंटरमध्ये न धरता घासलेला) असेल तर त्याला तीन लोब (गोलाईतले हलके फुगवटे) असू शकतात, मायक्रोमीटरला ते दिसतच नाहीत आणि व्हीमध्ये शाफ्ट वरखाली होऊन रीडिंग बिघडतं, आधी राउंडनेस (जर्नल खरंच गोल आहे का) तपासून घ्या.