किंग क्रिमसनचे सगळ्यात चांगले अल्बम कोणते? सुरुवात कुठून करावी?

पिंक फ्लॉइड मनापासून ऐकून झालं, आता किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडकडे वळायचंय, पण 13 स्टुडिओ अल्बम समोर बघून गोंधळ होतोय, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही नागपूरचेच आहात हे वाचून जास्तच आनंद झाला. नव्वदच्या दशकात बर्डीवरच्या कॅसेटच्या दुकानांत मला फ्लॉइड सहज मिळायचं, क्रिमसन कधीच सापडलं नाही. 2019 मध्ये त्यांचे अल्बम स्ट्रीमिंगवर आले, त्यामुळे तुम्हाला शोधाशोध करावी लागणार नाही. फक्त निवडायचे आहेत.

निवडताना या बँडला एकच बँड समजू नका. 1969 च्या पहिल्या अल्बमपासून 2003 च्या शेवटच्या स्टुडिओ अल्बमपर्यंत गिटारवादक रॉबर्ट फ्रिप तेवढा कायम राहिला. बाकीची माणसं येत-जात राहिली आणि माणसं बदलली की संगीतही पार बदललं. म्हणून मी अल्बमांना क्रमांक देत नाही. आधी संच बघते आणि त्या संचाचं सगळ्यात भरीव काम कोणतं ते शोधते.

तरी पहिला ऐकायचा तो ‘रेड’ (1974), यात माझ्या मनात शंका नाही. तोवर संचात तिघेच उरले होते: फ्रिप, बास आणि गायनाला जॉन वेटन, ड्रमवर बिल ब्रूफर्ड. अल्बम बाजारात यायच्या थोडं आधी फ्रिपने बँड बंद केला होता. पाचच रचना, साधारण 40 मिनिटं. नागपूरहून वर्ध्याला निघालात तर गाडी पोहोचायच्या आत पूर्ण होतो, आणि तो तसाच, मध्ये न थांबता ऐकायला हवा. पहिली रचना शब्दांविना आहे, नुसती गिटारची जड, धारदार चाल. चौथी, ‘प्रॉव्हिडन्स’, मैफिलीत आयत्या वेळी सुचत गेलेलं वादन आहे. ती अनेकांना कंटाळवाणी वाटते. तरी ओलांडून पुढे जाऊ नका, कारण तिच्या अस्वस्थपणानंतरच शेवटची ‘स्टारलेस’ खरी भिडते.

‘स्टारलेस’ बारा मिनिटांच्या वर आहे. सुरुवातीला वेटन संथ, उदास गातो. मग गाणं थांबतं आणि बास 13 मात्रांचं एक आवर्तन धरतो. त्यावर फ्रिप एकच स्वर पुन्हा पुन्हा छेडत राहतो, बऱ्याच वेळाने किंचित वर सरकतो, पुन्हा तिथेच ठाण मांडतो. ब्रूफर्ड आधी नुसती टकटक करतो, हळूहळू सगळा ड्रमसेट जागा होतो. विलंबितातून द्रुताकडे जाणारा ख्याल ऐकायची सवय असेल तर ही बढत तुम्हाला लगेच ओळखीची वाटेल. लय दुप्पट होते, सॅक्सोफोन घुसतो आणि अगदी शेवटी सुरुवातीची धून परत येते, पण आता पूर्ण ताकदीने. रॉकमध्ये इतका धीर धरून बांधलेली दुसरी रचना माझ्या ऐकण्यात नाही.

त्यानंतर मागे जाऊन 1969 चा पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’. मुखपृष्ठावर आ वासलेला लालबुंद चेहरा आहे तोच. तुम्ही फ्लॉइडकडून येताय, म्हणून यातला मेलोट्रॉन तुम्हाला आवडेल. या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रणाची टेप असते, साधारण आठ सेकंदांची. पट्टी दाबली की टेप फिरते. ‘एपिटाफ’मध्ये व्हायोलिनांचा जो भरून आलेला आवाज आहे, तो त्यातूनच येतो. ‘मूनचाइल्ड’चा उत्तरार्ध मात्र मला लांबलेला वाटतो. हा संच वर्षभरही टिकला नाही. यातला गायक आणि बासवादक ग्रेग लेक पुढे इमर्सन, लेक अँड पामर या बँडमध्ये गेला.

‘लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक’ (1973) हा तिसरा. ब्रूफर्ड ‘येस’सारखा ऐन भरातला बँड सोडून इथे आला, सोबत डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन आणि जेमी म्यूरची नाना प्रकारची तालवाद्यं. एक व्यवहाराची गोष्ट सांगते: हा अल्बम कूलर चालू असताना ऐकू नका. सुरुवातीचा बारीक किणकिणाट आपल्या मे महिन्यात पूर्णच बुडून जातो आणि मग गिटार अंगावर येते त्याचा धक्काच बसत नाही. चांगले हेडफोन लावा, नाहीतर रात्री उशिरा गच्ची निवल्यावर ऐका. शेवटच्या रचनेची मुख्य चाल 10 मात्रांची आहे. मी लहानपणी तबला शिकले, त्यामुळे हात आपोआप झपतालाचे 2-3-2-3 धरायला जातो. इथे मात्र वजन 3-3-2-2 असं पडतं. एकदा ते हातावर मोजून बघा, सगळी रचना उलगडते.

‘डिसिप्लिन’ (1981) ऐकताना आधीचं सगळं बाजूला ठेवा. मेलोट्रॉन नाही, व्हायोलिन नाही. फ्रिपसोबत एड्रियन बिल्यू हा दुसरा गिटारवादक, आणि टोनी लेव्हिन ‘स्टिक’ नावाचं 10 तारांचं वाद्य बोटांनी ठोकत वाजवतो. दोन गिटारी लहान लहान आकृत्या एकमेकींत गुंफत जातात. ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये त्या सोबत निघतात, हळूच एकमेकींपासून सुटतात आणि पुन्हा समेवर भेटतात. इंडोनेशियातल्या गॅमलान या पारंपरिक तालवाद्यवृंदाचा प्रभाव इथे स्पष्ट ऐकू येतो.

बाकीच्यांपैकी ‘लिझर्ड’ आणि ‘आयलंड्स’ आत्ता नको. दोन्हींत सुंदर जागा आहेत, पण सलग ऐकताना ते मला बांधून ठेवत नाहीत. चार ऐकून झाले की पुढची वाट आवडीप्रमाणे धरा. 1969 चा संच आवडला तर ‘इन द वेक ऑफ पोसायडन’, ‘डिसिप्लिन’ आवडला तर ‘बीट’. आणि ‘रेड’ने झपाटलंत तर त्याच वर्षीचा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’. त्यातला बराचसा भाग मैफिलींत ध्वनिमुद्रित करून नंतर श्रोत्यांचा आवाज काढून टाकलाय. नाव सारखं असलं तरी ‘स्टारलेस’ ही रचना त्यात नाही, ती ‘रेड’मध्येच आहे.