पण ते असो

पत्र थोडं कापून देते आहे.

“ताई, आम्ही बॉस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला राहतो. मी 73, हे 79. तीन दिवस घरात अडकलोय, दारासमोर कमरेएवढा बर्फ. यांची स्मरणशक्ती दोन वर्षांपासून उतरत चाललीये. चष्मा कुठे, आज वार कुठला, काल कोणाचा फोन होता, सगळं मला विचारतात. आणि बर्फ पडला की 1978च्या ब्लिझर्डची, त्या बर्फाच्या वादळाची गोष्ट सुरू. या तीन दिवसांत सात वेळा ऐकली. दर वेळी ती वाढते, तीन मैलांचे सहा होतात. आता म्हणतात, रूट 128वर गाडी सोडून सहा मैल चालत आलो आणि बाळासाठी दुधाचा गॅलन घेऊन दारात उभा राहिलो. दूध-बिध काही नव्हतं, ताई. हे तिसऱ्या दिवशी आले, रिकाम्या हातांनी. दोन रात्री मी चार महिन्यांच्या पोराला घेऊन एकटी होते, हीटिंग बंद, पण ते असो. यांच्या सगळ्या चुका मी तारीखवार वहीत लिहून ठेवते, डॉक्टरांना आणि डॅलसच्या मुलाला दाखवायला. मुलगा म्हणतो, आई, तू उगाच बाऊ करतेस. त्याला कसं पटवू?”

वहीवाल्या बाई,

मुलाला कसं पटवायचं ते मी सांगणार नाही. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच जागी अडखळले. “पण ते असो.”

आमच्या घरी आजीची अंतर्देशीय पत्रं यायची. पावसाचं, पापडाचं, कोणाच्या तरी मुंजीचं लिहून झालं की एखादं वाक्य मध्येच यायचं, “गुडघा फार दुखतो, रात्र निघत नाही. असो.” आणि लगेच बाकी सर्व क्षेम. आई ते पत्र मोठ्यानं वाचायची आणि तिथे आली की गप्प व्हायची. बाकीचं पत्र कागद भरायला असायचं, हे आम्हा पोरांनाही कळायचं. तुम्ही मला चष्म्याचं लिहिलंत, वाराचं लिहिलंत, मैलांचा हिशेब दिलात. दोन रात्री, तान्हं मूल, गार पडलेलं घर, हे मात्र एका वाक्यात उरकलंत आणि वर झाकण ठेवलंत.

बाळाला त्या दोन रात्री काय पाजलंत? कुठे निजलात? फोन चालू होता का? नवरा जिवंत आहे हे तुम्हाला कधी कळलं? यातलं काहीच पत्रात नाही. ते सहा मैल खरे की तीन, हे मात्र आहे.

ज्यांना ते वादळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 6 फेब्रुवारी 1978, सोमवार. पहाटेच बर्फ सुरू होईल असा अंदाज होता. सकाळी आभाळातून कणही पडेना, म्हणून लोक हवामानवाल्यांना हसत कामावर गेले. नंतर जे सुरू झालं ते मंगळवार संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. बॉस्टनला 27 इंच पडला. दुपारी सगळे एकदमच घरी निघाले आणि रूट 128वर, बॉस्टनला वळसा घालणाऱ्या हायवेवर, तीन हजारांवर गाड्या जागच्या जागी गाडल्या गेल्या. एग्झॉस्टचं तोंड बर्फानं बुजून गाडीत बसल्या बसल्या गुदमरून माणसं मेली. बाकीच्यांनी चर्चमध्ये, थिएटरमध्ये आसरा घेतला. मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि पुढे जवळजवळ आठवडाभर रस्त्यावर खाजगी गाड्यांना बंदी होती.

त्यातल्या एका गाडीत 31 वर्षांचा एक मराठी माणूस होता. त्याच्या घरी चार महिन्यांचं मूल आणि 25 वर्षांची बायको, जिला त्या देशात येऊन फार तर दोन-तीन हिवाळे झाले असतील. तो पोचू शकला नाही. चुकला असं कोणी म्हणणार नाही, पण पोचला नाही हे खरंच. बुधवारी दारात उभा राहिला तेव्हा हात रिकामे. तुम्ही काय बोललात त्या दिवशी? माझा अंदाज सांगते. काही नाही. चहा टाकलात.

तेव्हापासून तो माणूस दूध घेऊन घरी यायचा प्रयत्न करतोय.

आता जरा आठवणींचं. आठवण कपाटात घडी घालून ठेवलेली नसते. दर वेळी सांगताना ती नव्यानं जुळवली जाते, आणि जे व्हायला हवं होतं ते त्यात मिसळत जातं. हे तरुणांचंही होतं. जानेवारी 1986मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या एमरी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होतात. अडीच-तीन वर्षांनी पुन्हा विचारलं तर कित्येकांनी भलतंच सांगितलं, आणि तेही छातीठोकपणे. त्यांना स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला तरी काहींची खात्री हलेना. विशीतली पोरं होती ती. तुमच्या यजमानांना तर 48 वर्षं मिळाली आहेत.

आणखी एक. 1978मध्येच 20 जानेवारीलाही बॉस्टनवर मोठं वादळ आलं होतं, 21 इंचांचं. दोन्हींमध्ये अडीच आठवड्यांचं अंतर. दूध कदाचित त्या जानेवारीतलं असेल. दोन वादळं एकमेकांत मिसळायला म्हातारपणाची गरज नसते. तुमच्या वहीत मात्र लाल शाईनं “खोटं” असंच लिहिलेलं असणार. लाल शाई मी मनाची घातली, पण चुकले नसेन.

दूध नव्हतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. कुठलीही आई ती गोष्ट विसरत नाही. पण ते खोडून काढताना तुम्ही दर वेळी तारखा आणि मैल काढता, मनात असतं ते काढत नाही. तुम्ही म्हणता, “सहा नव्हे, तीन मैल.” तुम्हाला म्हणायचं असतं, “मी भ्याले होते आणि तू नव्हतास.” मग त्या बिचाऱ्या मैलांवर भांडण होतं, ते गोंधळतात, तुम्ही वही काढता. तुमची वही 1978मध्येच सुरू झालीये, बाई. डॉक्टरांचं निमित्त दोन वर्षांपूर्वी मिळालं, एवढंच.

मला राग आलाय तो याचा की तुम्ही वेळ वाया घालवताय. यांची आठवण खरंच उतरत असेल तर आधी जाणार ते कालचं, परवाचं. कालचा फोन, आजचा वार. जुनं बराच काळ टिकतं. म्हणजे ती सोमवारची रात्र अजून त्यांच्याकडे शाबूत आहे, थोडी सजवलेली का असेना. त्या रात्रीचा दुसरा भाग फक्त तुमच्याकडे आहे आणि तो त्यांनी कधी ऐकलेलाच नाही. आणखी पाच वर्षांनी तुम्ही सांगायला बसाल तेव्हा समोरचा माणूस मान डोलवेल आणि विचारेल, कोणाची गोष्ट ही?

म्हणून आज संध्याकाळीच. बर्फ उपसून झाल्यावर असं म्हणू नका. तो झाला की डॅलसचा फोन येतो, गाडी निघते, किराणा येतो आणि तुम्ही पुन्हा “असो” म्हणायला मोकळ्या. ते आठव्यांदा गोष्ट सुरू करतील. करू द्या. दुधाचा गॅलन घेऊन दारापर्यंत येऊ द्या, मध्ये तोंड उघडू नका. मग म्हणा, “आता दाराच्या आत काय होतं ते ऐका.” आणि सोमवार दुपारपासून बुधवारपर्यंत सगळं सांगा. मैल नकोत, इंच नकोत. बाळ किती वेळा रडलं, पांघरुणं कोणती घेतलीत, खिडकीतून काय दिसत होतं, कोणाला शिव्या दिल्यात. त्यांना दिल्या असतील तर तेही सांगा. ऐकताना ते रडतील, किंवा म्हणतील, “मला कधी सांगितलं नाहीस.” त्यावर “सांगितलं होतं” म्हणू नका. सांगितलं नव्हतंत.

उद्या सकाळी ते विसरले तर? तर परत सांगा. सात वेळा तुम्ही ऐकलीत, सात वेळा ते ऐकतील.

वहीचं थोडक्यात, कारण डॉक्टरकडे जायचंच आहे आणि मुलाच्या परवानगीची त्याला गरज नाही. जुनी गोष्ट तिखटमीठ लावून पुन्हा सांगणं एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. दहा मिनिटांत तोच प्रश्न परत विचारला का, ओळखीच्या रस्त्यावर चुकले का, बिलं भरायची राहिली का, गॅस चालू राहिला का, एवढं एका पानावर लिहून न्या. ऐकू नीट येतं का ते तपासा. फोन कोणाचा हे मुळात ऐकूच आलं नसेल तर आठवणार कुठून? बी-12 जीवनसत्त्व आणि थायरॉइड बघायला सांगा. घरी शाकाहार असेल, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 कमी पडतं, आणि त्यानंही माणूस विसराळू होतो. ते भरून काढता येतं. उरलेली वही रद्दीत.

हो, आणि तुमची गोष्ट ऐकून झाली की ते कदाचित उठतील, बूट शोधतील आणि म्हणतील, घरात दूध आहे का बघ, मी घेऊन येतो. 79व्या वर्षी त्या थंडीत फावडं हातात घेऊ देऊ नका, हृदयावर फार ताण येतो. बूट लपवा. दूध शेजारच्या पोराकडून मागवा, आणि तो दारात आला की पिशवी यांना घेऊ द्या.

तुमची,
ताई